टेस्ट हिरव्या, बटण गायब: ब्राउझरशिवाय ब्राउझर

मागच्या मे महिन्यात थळला घरी गेले होते, तेव्हा काकांसाठी एक छोटं वेबपेज केलं. काकांची होडी आहे. पेजवर भरती-ओहोटीच्या वेळा, पावसाळी मासेमारी बंदीची सूचना आणि शेवटी 'नोंद जतन करा' असं एक बटण. सगळ्या टेस्ट पास झाल्या. ऐटीत काकांच्या हातात फोन दिला. ते दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "बटण कुठाय गं?"

खरंच दिसत नव्हतं. सूचनेची पट्टी मी स्क्रीनच्या तळाला चिकटवली होती. माझ्या लॅपटॉपवर ती एका ओळीत मावायची. काकांचा फोन लहान, त्यात अक्षरं मोठी करून ठेवलेली. तिथे पट्टीच्या चार ओळी झाल्या आणि ती थेट बटणावर बसली. मग टेस्टने तेच बटण दाबलं कसं? आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

नकली ब्राउझर म्हणजे काय?

जावास्क्रिप्ट ही भाषा आहे, ब्राउझर हे तिचं एक घर. 'डॉक्युमेंट' आणि 'विंडो' या वस्तू भाषेत नसतात, ब्राउझर त्या पुरवतो. नोडमध्ये कोड चालवला की 'डॉक्युमेंट' सापडतच नाही आणि कोड पहिल्याच ओळीला कोसळतो. प्रत्येक टेस्टसाठी खरा ब्राउझर उघडायचा तर वेळ जातो. म्हणून ब्राउझरची नक्कल करायची कल्पना आली. जॉन रेसिगने २००७ मध्येच असा एक प्रयोग केला होता. आज सर्रास वापरतात ते जेएसडॉम.

जेएसडॉम एचटीएमएल वाचतं आणि त्याचं झाड, म्हणजे डॉम, मेमरीत उभं करतं. घटक शोधता येतात, मजकूर बदलता येतो, क्लिकचा इव्हेंट पाठवता येतो. हे सगळं वेब-मानकांनुसार आणि पटकन होतं. फॉर्म रिकामा असताना चूक दाखवली का, दाबल्यावर यादीत ओळ वाढली का, अशा तपासण्यांना ते उत्तम आहे.

काय नाही, ते आधी बघा

जेएसडॉम मांडणी करत नाही. कुठलाही घटक पडद्यावर किती रुंद, किती उंच आणि नेमका कुठे, हे ते मोजतच नाही. वंशावळीवरून कोण कोणाचं मूल ते कळतं, पण आत्ता ओटीवर कोण कोणासमोर उभं आहे ते कळत नाही. तसंच हे. टेस्टने बटणाला थेट झाडात गाठून क्लिक पाठवला. त्याच्यावर पट्टी आहे की नाही, हा प्रश्न त्या जगात उद्भवतच नाही.

मग मी शहाणपणा केला. 'बटणाची खालची कड पट्टीच्या वरच्या कडेच्या वर आहे का' अशी टेस्ट लिहिली. तीसुद्धा पास! कारण जेएसडॉम दोन्ही मापं शून्यच देतं, आणि शून्य हे शून्याहून मोठं नसतं. टेस्ट नापास झाली असती तर निदान शंका आली असती. इथे नक्कल गप्प बसून 'हो' म्हणाली, आणि हे जास्त धोक्याचं.

दुसरी चूक फोनवर जायच्या आधी सापडली. राज्यात बंदी १ जून ते ३१ जुलै असते. बंदी उठण्याची वेळ मी '२०२५-०८-०१' अशी लिहिली होती. नुसती तारीख अशी दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसी धरतं, म्हणजे आपल्याकडची पहाटे ५:३०. मध्यरात्रीनंतर निघणाऱ्या होडीला पेज साडेपाच तास 'बंदी चालू' सांगत राहिलं असतं. टेस्ट चालायच्या त्या सर्व्हरचं घड्याळही यूटीसीवर, त्यामुळे तिथे सगळं बरोबर! जेएसडॉम वेगळा टाइमझोन आणत नाही, ज्या मशीनवर चालतं तिथलाच घेतं. टेस्ट चालवताना टाइमझोन 'एशिया/कोलकाता' ठेवला आणि चूक लगेच उघडी पडली.

मग करायचं काय?

नक्कल टाकून द्यायची नाही, काम वाटून द्यायचं. तर्क, फॉर्म, यादी हे जेएसडॉममध्ये. मांडणी, स्क्रोल, झाकलं जाणं हे प्लेराइटसारख्या साधनाने खऱ्या ब्राउझरमध्ये. प्लेराइट क्लिक करण्याआधी घटक दिसतो का आणि क्लिक त्यालाच पोचेल का, हे तपासतं. मात्र स्क्रीनचा आकार आणि अक्षरांचं माप काकांच्या फोनसारखं आपणच द्यायला हवं. अशी एकच टेस्ट लिहिली, ती नापास झाली, आणि मला बरं वाटलं. पट्टी वर हलवली, टेस्ट पास झाली.

संशोधनाकडे वळणाऱ्यांनी यातून एक सवय लावून घ्या. तुमचं सिम्युलेशन वेबचं असो, भरतीचं असो की रेणूंचं, पहिल्या दिवशी वहीत दोन रकाने आखा: 'यात काय आहे' आणि 'यात काय नाही'. प्रत्येक निष्कर्ष लिहिताना विचारा, हा दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टीवर तर उभा नाही ना? पद्धतीच्या प्रकरणात साधनाच्या आवृत्तीसोबत तो दुसरा रकानाही लिहा. परीक्षक तिथेच बोट ठेवतात. माझ्या बाबतीत ते बोट काकांनी ठेवलं.