ओलीचा माग

जुन्या वाड्यात न्हाणीघर मागच्या अंगाला, जमिनीलगत असे. दगडी फरशीवरून वाहिलेले पाणी मोरीतून परसात जाई आणि त्यावर केळी-कर्दळी पोसत. एखाद्या सांध्यात फट पडलीच, तरी पाणी मातीत मुरून जाई. आज स्नानगृह तिसऱ्या किंवा सातव्या मजल्यावर असते आणि त्याच्या खाली कोणाचे तरी शयनगृह, स्वयंपाकघर किंवा दुकान असते. व्यापारी कुटुंबांत तर ‘खाली दुकान, वर घर’ ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्यांची. अशा घरात वरच्या न्हाणीतला एक सैल सांधा खालच्या कापडाच्या गठ्ठ्यांना, धान्याच्या पोत्यांना किंवा जुन्या दप्तरांना भारी पडू शकतो.

असे असूनही स्नानगृहाची तपासणी ही गोष्ट बहुतेक घरांत होतच नाही. छतावर डाग उमटला की रंगारी बोलावला जातो, पोपडे खरवडले जातात, पुट्टी भरून दोन हात रंग दिला जातो. चार-सहा महिन्यांनी डाग पुन्हा उमटतो, आधीपेक्षा थोडा मोठा होऊन. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. ओल दिसते तेथे दोष क्वचितच असतो. पाणी उताराने, सळईच्या कडेने, कोब्यातल्या पोकळीतून वाट काढत जाते आणि पुष्कळदा उगमापासून बऱ्याच अंतरावर प्रकट होते. म्हणून दुरुस्तीआधी उगम शोधणे, हे या विषयातील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम होय.

पाणी घराचे काय करते?

काँक्रीटमधील सिमेंट अत्यंत अल्कधर्मी असते. या गुणामुळे आतील लोखंडी सळईभोवती एक सूक्ष्म संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये शिरत राहतो आणि हा गुण हळूहळू क्षीण होतो. त्यातच ओल कायम राहिली की गंज धरतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने काँक्रीटला आतून तडे जातात, छताचा थर फुगतो आणि एके दिवशी ढलपा निखळून खाली पडतो. तेव्हा दिसणारी तांबूस सळई ही दुखण्याची सुरुवात नसून त्याची बरीच पुढची अवस्था असते.

स्नानगृहाखालची स्लॅब बहुधा इतर खोल्यांपेक्षा खाली घेतलेली असते. या खोलगट भागात, ज्याला बांधकामाच्या भाषेत ‘संकन’ म्हणतात, सांडपाण्याचे पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी या कोब्यात साठत जाते. वरून फरशी कोरडी व चकचकीत दिसते, आणि खाली मात्र विटांचे तुकडे पाणी पिऊन बसलेले असतात. गळती पकडण्यास उशीर होतो त्याचे मुख्य कारण हेच.

डोळ्यांनी, कानांनी, नाकाने

पहिली पाहणी करण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. एक विजेरी, एक नाणे, पेन्सिल आणि शांतपणे दिलेला अर्धा तास एवढे पुरते.

आरंभ स्नानगृहाच्या बाहेरून करावा. त्याला लागून असलेल्या खोलीची भिंत, दाराच्या चौकटीचा तळ आणि जवळच्या कपाटाची मागची बाजू पाहावी. चौकट खालून फुगली असेल, भिंतीला लोणा लागून पांढरी भुकटी झडत असेल किंवा रंगाला फोड आले असतील, तर पाणी भिंतीत चढत आहे असे समजावे. खालच्या मजल्यावरील छतही अवश्य पाहावे. स्नानगृहात खोटे छत बसवलेले असेल, तर त्याची झडप उघडून आत विजेरी टाकावी. वरच्या मजल्याची गळती या पडद्याआड वर्षानुवर्षे लपून राहते.

आत आल्यावर नाण्याने फरशा एकेक करून ठोकाव्यात. भरीव आवाज देणारी फरशी पक्की, पोकळ आवाज देणारीच्या खालचा मसाला सुटलेला. फरशांमधील सांधे कोठे झिजले, कोठे काळवंडले ते पाहावे. ॲसिडने फरशी घासण्याची सवय या सांध्यांतील सिमेंटच खाऊन टाकते आणि स्वच्छतेच्या नावाखाली पाण्याला वाट करून देते. एक तांब्या पाणी कोपऱ्यात ओतून ते जाळीकडे वळते की दाराकडे, हेही पाहावे. थारोळे साचत असेल तर उतार चुकलेला आहे.

कमोड दोन्ही हातांनी हलवून पाहावा. तो किंचितही डुलत असेल, तर त्याच्या बुडाचा सांधा सुटलेला असू शकतो. बेसिनखालच्या नळीवरून कोरड्या कागदाचा तुकडा फिरवल्यास डोळ्यांना न दिसणारा ओलावाही कळतो. अँगल कॉक, जेटची नळी आणि गिझरच्या दोन्ही जोडण्या याच रीतीने तपासाव्यात. पाइप जुने लोखंडी असतील आणि सकाळचे पहिले पाणी तांबूस येत असेल किंवा धार बारीक झाली असेल, तर पाइप आतून गंजला आहे, हे उघड होय.

नाकाचीही साक्ष घ्यावी. जाळीतून गटाराचा वास येत असेल, तर नहाणी ट्रॅपमधील पाणी आटले असण्याची शक्यता मोठी. ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम उभे राहून वायू आणि झुरळे यांना अडवते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीत आठवड्याला बादलीभर पाणी सोडले, तरी हा वास थांबतो. दमट, मातकट वास मात्र बुरशीचा. ज्या घरांत पाणी गाळून व जपून वापरण्याचा संस्कार आहे, त्या घरांना येथे वेगळे सांगणे नको. बुरशी आल्यावर तीव्र रसायनांनी ती नष्ट करण्यापेक्षा ओलच राहू न देणे, हीच खरी जयणा.

चार शंका, चार चाचण्या

पाहणीत खूण आढळली, की पुढचा प्रश्न पाणी कोठून येते हा. उत्तरे चारच असू शकतात: नळाचा दाबाखालील पाइप, सांडपाण्याची वाट, फरशी व भिंतीचे सांधे, किंवा बाहेरून येणारे पावसाचे पाणी.

नळाचा पाइप फुटला असेल, तर गळती रात्रंदिवस चालू राहते, कोणी स्नान करो वा न करो. घरातील सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा टिपावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला, तर पाणी कोठेतरी निसटते आहे. स्वतंत्र मीटर नसल्यास घराच्या टाकीत येणारे पाणी रात्री बंद करून पातळीची खूण करावी आणि सकाळी ताडून पाहावी. यात फ्लशच्या टाकीचा दोष वेगळा काढणे आवश्यक असते. त्यासाठी टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये. कमोडमध्ये रंग उतरला, तर आतला रबरी पडदा खराब झाला आहे.

सांडपाण्याची वाट तपासण्यासाठी फरशी न भिजवता, बादलीने सरळ जाळीतच रंगीत पाणी ओतावे. खाली रंगीत थेंब आले, तर दोष ट्रॅपचा किंवा त्याच्या पाइपचा.

फरशीची शंका असेल, तर जाळी घट्ट बंद करून दोन ते पाच सेंटिमीटर पाणी उभे करावे, भिंतीवर पातळीची रेघ मारावी आणि किमान २४, शक्यतो ४८ तास ठेवावे. खाली राहणाऱ्यांना याची पूर्वकल्पना द्यावी. मात्र खालच्या छताला आधीच झोळ आला असेल किंवा सळया उघड्या पडल्या असतील, तर ही चाचणी मुळीच करू नये. अशा वेळी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

ओल केवळ पावसाळ्यात वाढत असेल, तर बाहेरची भिंत, खिडकीची कड आणि बाहेरून जाणारे पाइप पाहावेत. भिंतीत पिंपळाचे रोप रुजलेले दिसले, तर तेथे ओलीची खात्रीच आहे. ते लहान असतानाच मुळासकट अलगद काढून अन्यत्र मोकळ्या जागी लावणे, हे रोपाच्या आणि इमारतीच्या दोघांच्याही हिताचे.

या चाचण्या एकाच दिवशी करू नयेत. कोब्यात मुरलेले पाणी उगम बंद झाल्यावरही अनेक दिवस ठिबकत राहते. म्हणून प्रत्येक चाचणीनंतर काही दिवस थांबावे, डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. रोजमेळ लिहिणाऱ्या घरांना ही शिस्त नवी नाही. आठ-दहा तारखांची अशी नोंद प्लंबरच्या अंदाजापेक्षा अधिक खरे सांगते.

दुरुस्ती आणि हिशेब

उगम कळला, की खर्च कमी असलेल्या उपायापासून सुरुवात करावी. ठिबकणाऱ्या नळाला पुष्कळदा नवा वायसर पुरतो. त्याचा तोटा जाणून घ्यायचा तर नळाखाली तासभर भांडे ठेवावे. तासात २०० मिलिलिटरचा एक पेला भरला, तर दिवसाला जवळजवळ ५ लिटर आणि वर्षाला सुमारे १,७५० लिटर पाणी गेले. फरशीचे सांधे खरवडून पक्क्या इपॉक्सी मसाल्याने भरणे, कमोडभोवतीचा सांधा बुजवणे, ट्रॅपची जोडणी नव्याने करणे, हे त्यानंतरचे टप्पे. फरशी फोडणे हा शेवटचा.

फरशी फोडावी लागलीच, तर घाई करू नये. जलरोधक थर जमिनीबरोबरच भिंतीवरही वर चढवून घ्यावा आणि नवी फरशी बसण्यापूर्वी पाणी उभे करण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. पाइप भिंतीत बुजवण्याआधी दाब देऊन तपासावेत आणि मोजपट्टी धरून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना ती उपयोगी पडतात. कारागिराशी बोलणी करताना शेवटचा हप्ता या चाचण्यांनंतर देण्याचे आधीच ठरवावे.

ओल गिझरच्या किंवा विजेच्या बोर्डापर्यंत पोहोचली असेल, तर तो प्रश्न रंगाचा नसून प्राणाचा आहे. वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. स्नानगृहाच्या वीजमार्गावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही, याची खात्री करावी आणि त्याचे चाचणी-बटण अधूनमधून दाबून पाहावे.

वरचे आणि खालचे

गळतीमुळे भिंतींच्या आधी शेजारधर्माला तडा जातो. खालचा तक्रार करतो, वरचा ‘आमची फरशी तर कोरडी आहे’ म्हणतो, आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक पाइप व ड्रेनेजची गळती संस्थेने दुरुस्त करावयाची असते. सदनिकेतील स्नानगृह व शौचालयामुळे होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने. याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. परंतु नियमाचे पुस्तक उघडण्याआधी वरच्या व खालच्या कुटुंबांनी वर सांगितलेल्या चाचण्या एकत्र केल्या, तर बहुतेक वाद तेथेच मिटतात. कारण रंगीत थेंब कोणाचीच बाजू घेत नाही.

जुने घर विकत घेताना हीच नजर उपयोगी पडते. सगळ्या भिंती जुन्या आणि स्नानगृहामागची एकच भिंत नव्या रंगाची असेल, तर कारण विचारावे. शक्य झाल्यास खालच्या घरी जाऊन छत पाहावे, आणि ते पावसाळ्यात पाहता आले तर उत्तमच.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, घरातील मोठ्यांनी मुलांना सोबत घेऊन ही पाहणी करावी. नाण्याचा पोकळ आवाज मुलांना लवकर कळतो. घराच्या तिजोरीची किल्ली कोठे असते हे ज्या कुटुंबात ठाऊक असते, तेथे पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे आणि तो कोणत्या दिशेने बंद होतो, हेही प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.