प्रवाशाचा कॅमेरा : भार आणि भिंग

दीर्घ प्रवासाला निघणाऱ्या मनुष्याने कॅमेरा निवडताना प्रथम चित्राचा विचार करावा, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः त्याने प्रथम वजनाचा विचार केला पाहिजे. घरी सर्वोत्कृष्ट ठरलेले उपकरण चौथ्या दिवशी जड वाटून पिशवीच्या तळाशी गेले, तर त्याच्या उत्कृष्टतेचा काहीही उपयोग होत नाही. चंदीगड हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर वसलेल्या या नियोजित नगरातून हिमालयाकडे जाणारे असंख्य प्रवासी पुढे निघतात. जवळच्या कालक्याहून १९०३ साली सुरू झालेली अरुंद रुळांची आगगाडी २,००० मीटरहून अधिक उंचीवरील सिमल्यास जाते. तेथून पुढे किन्नौर आणि स्पितीच्या वाटा लागतात. जसजशी उंची वाढते तसतशी हवा विरळ होते आणि खांद्यावरील प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशोब शरीर मागू लागते.

हलक्या कॅमेऱ्याचा जन्मच मुळी या अडचणीतून झाला. ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रज्ञास डोंगरातून भटकण्याची आवड होती. परंतु त्या काळचे काचपट्ट्यांचे अवजड कॅमेरे वाहून नेणे त्याच्या प्रकृतीस झेपत नसे. चलच्चित्रासाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन त्याने १९१४ च्या सुमारास एक लहान कॅमेरा तयार केला. त्यातूनच १९२५ साली ‘लायका’ बाजारात आला. लहान चित्र घ्यावे आणि नंतर ते मोठे करावे, हे त्यामागील तत्त्व होते. त्याने स्वीकारलेली २४ × ३६ मिलिमीटरची चौकट आजच्या अंकीय कॅमेऱ्यांतही ‘पूर्ण चौकट’ म्हणून प्रमाण मानली जाते.

भिंगाची निवड मुख्यतः दोन संख्यांवर अवलंबून असते. पहिली संख्या केंद्रांतराची होय. केंद्रांतर वाढले की दूरची वस्तू मोठी दिसते, परंतु दृष्टिक्षेत्र आकुंचित होते. चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलातील ‘उघडा हात’ हे सुमारे २६ मीटर उंचीचे स्मारक उदाहरणादाखल घेऊ. कॅमेरा उभा धरून वर कलवला, तर स्मारकाच्या सरळ रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात. त्या सरळ राहाव्यात म्हणून कॅमेरा क्षितिजाशी समांतर ठेवला, तर डोळ्याच्या पातळीवरील भाग चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे १८ मिलिमीटरांत, मावला पाहिजे. हा भाग २४ मीटर धरल्यास ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगासाठी सुमारे ६७ मीटर, ३५ मिलिमीटरसाठी ४७ मीटर आणि २४ मिलिमीटरसाठी ३२ मीटर मागे उभे राहावे लागते. मोकळ्या प्रांगणात हे साधते. अरुंद गल्लीत मात्र लहान केंद्रांतराच्या भिंगावाचून गत्यंतर नसते.

याउलट, १९५८ साली निर्माण केलेल्या सुखना सरोवरावर हिवाळ्यात येणारे पक्षी टिपायचे असतील, तर गणित उलटे होते. ५० मीटर अंतरावरील ६० सेंटीमीटर लांबीच्या पक्ष्याची प्रतिमा ५० मिलिमीटरच्या भिंगाने केवळ ०.६ मिलिमीटर पडते; २०० मिलिमीटरच्या भिंगाने ती २.४ मिलिमीटर होते.

दुसरी संख्या प्रकाशछिद्राची होय. केंद्रांतरास छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे ही संख्या मिळते. २०० मिलिमीटरच्या भिंगाची ही संख्या २.८ असेल, तर छिद्राचा व्यास सुमारे ७१ मिलिमीटर होतो; ५.६ असेल, तर सुमारे ३६ मिलिमीटर. पुढची काच या व्यासाहून लहान असू शकत नाही. आकार तोच ठेवून सर्व मापे दुप्पट केली, तर वजन आठपट होते. प्रत्यक्षात हे प्रमाण रचनेनुसार बदलते, तथापि जड भिंगाच्या जडपणाचे मूळ कारण यातून स्पष्ट होते. लहान छिद्राने प्रकाश एक चतुर्थांश मिळतो हे खरे. पण पहाडातील स्वच्छ उन्हात प्रकाशाची उणीव क्वचितच भासते. मंदिराच्या गाभाऱ्यासाठी किंवा संध्याकाळच्या बाजारासाठी २ या छिद्रसंख्येचे एखादे लहान, स्थिर केंद्रांतराचे भिंग जवळ असले की पुरते.

प्रकाशग्राहक पृष्ठाचा आकारही वजनावर परिणाम करतो. पूर्ण चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर असते. मध्यम आकाराच्या २३.५ × १५.६ मिलिमीटर पृष्ठाचे क्षेत्रफळ सुमारे ३६७ आणि १७.३ × १३ मिलिमीटर पृष्ठाचे सुमारे २२५ चौरस मिलिमीटर भरते. पूर्ण चौकटीत २०० मिलिमीटर भिंगाने जे दृश्य मिळते, ते या दोहोंत अनुक्रमे सुमारे १३३ आणि १०० मिलिमीटरच्या भिंगाने मिळते. साहजिकच भिंग लहान होते. मात्र छिद्रसंख्या तीच ठेवल्यास लहान पृष्ठावर एकूण प्रकाश कमी पडतो, म्हणून अंधुक जागी चित्र दाणेदार होते. प्रवाशाला या दोहोंतील तडजोड करावी लागते आणि बहुतेकांना मध्यम आकार सोयीचा ठरतो. ज्याच्या खिशात चांगला मोबाइल आहे, त्याची रुंद दृश्यांची गरज पुष्कळशी भागलेलीच असते. त्याने मोबाइलला न साधणाऱ्या दूरच्या व मंद प्रकाशातील विषयांचाच विचार करावा.

सर्व भिंगे बरोबर बाळगण्याचा मोह टाळण्यास चंदीगडचाच एक दाखला उपयोगी पडेल. ल कॉर्ब्यूझिए यांच्या वास्तूंचे छायाचित्रकार ल्यूसियाँ एर्वे यांनी १९५५ आणि १९६१ मध्ये या नगराची छायाचित्रे घेतली. ते आपल्या छायाचित्रांचे अनावश्यक भाग निःसंकोचपणे कापून टाकीत आणि उरलेल्या भागातून रचना साधीत. चौकटीची कडा नंतरही बदलता येते. परंतु जे क्षण कॅमेरा पिशवीत राहिल्याने निसटले, ते पुन्हा मिळत नाहीत.

निवडीची कसोटी अशी करावी. कॅमेरा, भिंगे, जादा विद्युत्घट, प्रभारक आणि पिशवी ही सर्व एकत्र तोलावीत; केवळ कॅमेऱ्याचे वजन फसवे असते. थंडीत विद्युत्घट लवकर क्षीण होतो, म्हणून जादा घट अंगाजवळच्या खिशात ठेवावा. थंड हवेतून उबदार खोलीत आल्यावर काचेवर दव साचते. त्यासाठी कॅमेरा काही वेळ बंद पिशवीतच राहू द्यावा. पावसाळ्यात दमटपणामुळे भिंगावर बुरशी धरते, म्हणून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बरोबर असाव्यात. एवढे झाल्यावर तो सर्व भार घेऊन सुखना सरोवराच्या काठाने किंवा आपल्या गावच्या टेकडीवर एक पूर्ण दिवस चालावे. सायंकाळी जी वस्तू एकदाही पिशवीबाहेर निघाली नसेल, तिच्याविषयी पुन्हा विचार करावा. आणि जी प्रत्येक वळणावर हाती आली, तीच बहुधा त्या प्रवाशाला योग्य होय.