संगणकाची प्रणाली बदलावी का?

2025 सालच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरच्या संगणकावर एक सूचना दिसू लागली. विंडोज 10 या प्रणालीला कंपनीकडून मिळणारा आधार 14 ऑक्टोबरला संपणार होता, आणि विंडोज 11 घेण्यास हा संगणक पात्र नव्हता. संगणक 2014 साली घेतलेला. त्यात पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि घरातल्या लग्नकार्यांचे फोटो. बँकेचे व्यवहारही त्याच्यावरच. 14 तारीख उलटली, आणि 15 तारखेला संगणक नेहमीसारखाच सुरू झाला. मग बदलायचे ते कशासाठी? वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाने हाच प्रश्न विचारला तर आपण काय उत्तर देऊ?

आधी प्रणाली करते काय ते पाहू. शाळेत प्रयोगशाळा एक आणि तुकड्या सहा असल्या की वेळापत्रक लागते. संगणकातही प्रोसेसर आणि मेमरी यांवर अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी हक्क सांगत असतात. कोणाला किती वेळ आणि किती जागा द्यायची हे प्रणाली ठरवते, आणि एकाने दुसऱ्याच्या दप्तरात हात घालू नये म्हणून राखणही करते.

प्रोग्रॅम यंत्रासारखा झिजत नाही, गंजत नाही. दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम त्याच संगणकावर आजही तसाच चालतो. पण कोट्यवधी ओळींच्या या लिखाणात चुका राहून गेलेल्या असतात. कोणीतरी चूक शोधून काढते, कंपनी दुरुस्ती पाठवते. आता गंमत पाहा. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा प्रोग्रॅम शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहिले, की चूक नेमकी कुठे होती हे जाणकाराला कळते. म्हणजे दुरुस्तीच चोराला दाराचा पत्ता देते! विंडोज 11 चा बराचसा भाग विंडोज 10 मधूनच आलेला आहे. त्यामुळे नव्या प्रणालीसाठी निघालेली दुरुस्ती पुष्कळदा जुन्या प्रणालीतले तेच दार दाखवून देते, आणि तिथे ते बंद करायला कोणी येणार नसते. धोका 14 तारखेला एकदम उगवला नाही. त्या दिवसापासून तो साठू लागला.

मे 2017 मध्ये जगाने याचा अनुभव घेतला. ‘वॉनाक्राय’ नावाच्या प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या चुकीचा फायदा घेतला गेला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिली होती. बळी पडलेल्या संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज 7 होती, आणि तिचा आधार तेव्हा चालू होता. दुरुस्ती घेतलेलीच नव्हती! तेव्हा प्रणाली नवी असणे एवढे पुरत नाही.

मग आमचा संगणक अपात्र का? विंडोज 95 ला निदान 4 एमबी मेमरी लागे. 2021 साली आलेल्या विंडोज 11 ला 4 जीबी लागते, म्हणजे 1024 पट. तेवढी मेमरी आमच्याकडे होती. अडले ते प्रोसेसरच्या पिढीवर आणि टीपीएम 2.0 वर. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. ती वेगळ्या चिपमध्ये असते किंवा प्रोसेसरमध्येच बसवलेली असते. ही अट चुकवून विंडोज 11 बसवण्याच्या आडवाटा आहेत, पण अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी नाही. ज्या कारणासाठी बदल करायचा, तेच कारण मग उरत नाही.

‘संगणक मंदावला, प्रणाली बदला’ असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. आम्हाला तो पटत नाही. साधे गणित करून पाहा. आमची डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते. एका फेऱ्याला 60 भागिले 5400 सेकंद, म्हणजे सुमारे 11 मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी वेळ. विखुरलेल्या माहितीचे सेकंदाला शंभर तुकडेही वाचून होत नाहीत. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिथे एका तुकड्याला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. जुन्या संगणकाचा वेग वाढवायचा तर आधी डिस्क बदलावी.

बदलात नुकसानही होते. 2016 साली आम्ही याच संगणकावर सगळे पुसून विंडोज 10 बसवली, आणि जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ! युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, 0915. जुन्या मराठी फॉण्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. कृतीदेवमध्ये इंग्रजी ‘डी’ची लहान लिपीतली कळ दाबली की ‘क’ उमटतो. फाइलमध्ये साठतो तो ‘डी’च. फॉण्ट गेला की बुरखा उतरतो. फॉण्टची फाइल एका सहकाऱ्याकडे सापडली म्हणून निभावले.

या वेळी म्हणून घाई केली नाही. कंपनीने घरगुती वापरासाठी नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ केल्या होत्या. ती नोंदणी केली आणि वार्षिक परीक्षा उरकेपर्यंत कशाला हात लावला नाही. मे महिन्यात सगळ्या फाइलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या, फॉण्टसकट. मग लिनक्सवर आधारलेली उबुंटू पेनड्राइव्हवर घेतली. ती डिस्कला स्पर्श न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. तिची दर दोन वर्षांनी निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे दुरुस्त्या मिळवते, आणि पैसे पडत नाहीत. केरळातल्या सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सवरच शिकवत आल्या आहेत. चार दिवस आम्ही फक्त तपासले: मराठी टंकलेखन, बँकेचे पान, छपाई, जुन्या प्रश्नपत्रिका. छपाईयंत्र तिने लगेच ओळखले, स्कॅनर ओळखलाच नाही. स्कॅनर वर्षातून दोनदा लागतो. ते काम आता फोन करतो.

आमचा संगणक पात्र असता तर आम्ही विंडोज 11 घेतली असती, सवयीची म्हणून. आणि शाळेत एखादा जुना संगणक इंटरनेटला न जोडता एकच प्रोग्रॅम चालवत असेल, तर त्याला आहे तसाच राहू द्यावा. विंडोज 11 केवळ 64 बिटी आहे, आणि 16 बिटी जुने प्रोग्रॅम तिच्यावर थेट चालत नाहीत. मात्र त्याला लावायचा पेनड्राइव्ह आधी तपासून घ्यावा.

नवी एसएसडी बसवून आम्ही तिच्यावर उबुंटू घातली. जुनी डिस्क तशीच, तारखेची चिठ्ठी लावून, कपाटात ठेवली आहे.