बिरवाडीच्या दवाखान्याने शोधला विंचवावर उतार



रायगड जिल्ह्यात दिघी बंदरापासून आत महाडपर्यंत ऊस नाही. तिथे भात आणि आंबा. तरीही महाडजवळच्या बिरवाडी येथील सरकारी दवाखान्याची हकीकत आपल्या कामाची आहे. कारण पाचटाखाली, बांधाच्या दगडांत आणि तोडणी मजुरांच्या कोप्यांत विंचू आपल्याकडेही निघतो.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. लाल विंचू डसलेली माणसे, त्यांतही लहान पोरे, दवाखान्यात येत. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. पुढे धाप लागून तोंडाला फेस येई आणि रोगी हातचा जाई. गंभीर रोग्यांत शंभरी तीसच्या आसपास दगावत. गावात मंत्र घालून विंचू उतरवीत, त्यात मोलाचा वेळ जाई.

डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुफ्फुसात पाणी भरते, हे त्यांनी ओळखले. १९८२ साली ही निरीक्षणे इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आली. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी वापरली. १९८६ साली तीही माहिती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. गोळी स्वस्त, तोंडावाटे देता येणारी, म्हणून खेड्यातल्या दवाखान्याला परवडणारी. मृत्यूचे प्रमाण शंभरी एक-दोनवर आले. २०११ साली त्यांच्याच अभ्यासातून दिसले की, प्राझोसिनबरोबर विंचवाची लस दिली तर रोगी लवकर सावरतो. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

मोठ्या शहराची प्रयोगशाळा नसताना, साध्या सरकारी केंद्रात हे काम झाले. आपल्या गावच्या केंद्राला नावे ठेवण्याआधी हे ध्यानी असावे.

आम्ही शेतकी खात्याची माणसे दिवसभर फडात फिरतो, म्हणून आमचे सांगणे असे: पाचट उचलताना आधी काठीने हलवावे, पायात बूट घालावेत, कोपीतले अंथरूण झटकून घ्यावे. डसलेच तर मांत्रिकाकडे जाऊ नये, जागा कापू नये, आवळून बांधू नये. किती वाजता डसला ते ध्यानात ठेवून रोग्याला तडक दवाखान्यात न्यावे. कळ थोडी आणि घाम फार, असे असेल तर जास्तच घाई करावी. गोळी मात्र डॉक्टरांच्या हातूनच घ्यावी. ती घेऊन एकदम उठल्यास चक्कर येते.

गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आपापल्या केंद्रात जाऊन प्राझोसिन आणि लस शिल्लक आहे का, हे विचारून ठेवावे. टोळीच्या मुकादमालाही केंद्राची वाट दाखवून ठेवावी. मजुराचे पोरही आपलेच आहे.