संपाआधी घरी येणारं पत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या सरकारी शाळा राजधानीतल्या एखाद्या खात्यातून चालत नाहीत. शहर किंवा गावांचा एक गट मिळून एक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ होतो. बहुतेक ठिकाणी त्याचं मंडळ लोक निवडून देतात आणि मंडळ अधीक्षक नेमतं. बऱ्याच राज्यांत शिक्षकांच्या संघटनेशी दर काही वर्षांनी लेखी करार होतो आणि त्यात पगारापासून वर्गातल्या पटसंख्येपर्यंत सगळं ठरतं. कराराची मुदत संपली आणि बोलणी अडली की पालकांच्या घरी डिस्ट्रिक्टकडून पत्र येतं : शिक्षक संपावर जाण्याची शक्यता आहे, तसं झालं तर शाळेचं काय होईल, जेवणाचं काय, बसचं काय. सिअ‍ॅटल, शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हातीही असं पत्र पडू शकतं. आपल्याकडे ‘संप’ म्हटलं की टाळं, घोषणा आणि अनिश्चितता एवढंच डोळ्यांसमोर येतं, म्हणून ते वाचताना अनेक चुकीचे अर्थ लावले जातात. माझं म्हणणं सरळ आहे. संपात कोणाची बाजू बरोबर हा प्रश्न एक आणि त्या दिवसांत मूल कुठे असेल, काय खाईल हा प्रश्न दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवून पालकांना वेळेत खरी माहिती देणं हा शाळेच्या कामाचाच भाग आहे.

गैरसमज १ : पत्र आलं म्हणजे संप ठरला

पत्र येतं तेव्हा बहुधा एवढंच झालेलं असतं की, संघटनेच्या सभासदांनी नेतृत्वाला संप पुकारण्याचा अधिकार मतदानाने दिला आहे. अधिकार देणं आणि तो वापरणं यांत मोठं अंतर असतं. लॉस एंजेलिसमध्ये ऑगस्ट 2018 मध्ये मतदान झालं आणि मतदान करणाऱ्या 98 टक्के शिक्षकांनी संपाच्या बाजूने कौल दिला. प्रत्यक्ष संप सुरू झाला 14 जानेवारी 2019 ला. मधल्या काही महिन्यांत कॅलिफोर्नियाच्या कायद्याने घालून दिलेल्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मध्यस्थामार्फत बोलणी झाली, तीही अपुरी पडल्यावर तीन जणांच्या समितीने दोन्ही बाजूंचे हिशेब तपासून अहवाल दिला. ऑरेगनमध्ये मध्यस्थीनंतरही तीस दिवस थांबावं लागतं आणि दहा दिवसांची नोटीसही द्यावी लागते. इलिनॉयमध्येही दहा दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. शिवाय शिक्षकांना संपाचा हक्क आहे तोच मुळी डझनभर राज्यांत. न्यूयॉर्कमध्ये 1967 च्या टेलर कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपावर बंदी आहे आणि संपाच्या प्रत्येक दिवसासाठी दोन दिवसांचा पगार कापला जातो.

या पायऱ्या असतात म्हणूनच तयारीला वेळ मिळतो आणि म्हणूनच पत्र लवकर पाठवणं शक्य असतं. काही जण म्हणतात, इतक्या आधी सांगून घबराट कशाला पसरवायची? पण घबराट माहितीने पसरत नाही, अर्धवट माहितीने पसरते. लॉस एंजेलिसचा संप आधी 10 जानेवारीला ठरला होता. नोटिशीच्या मुदतीवरून कायद्याचा वाद उभा राहिला आणि तारीख चार दिवस पुढे गेली. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईसाठी हे चार दिवस लहान नसतात, कारण कोणत्या दिवसाची रजा मागायची हे तिला त्यावरूनच ठरवायचं असतं. तेव्हा पहिलं पत्र लवकर हवं, आणि पुढचं काही बदललं तर त्याच दिवशी कळेल असा भरवसाही त्यात हवा.

गैरसमज २ : संप म्हणजे शाळेला टाळं

एकाच डिस्ट्रिक्टने चार वर्षांच्या अंतराने दिलेली दोन उत्तरं पाहिली की हा समज पुसला जातो. 2019 मध्ये लॉस एंजेलिसचे तीस हजारांहून अधिक शिक्षक, नर्स, समुपदेशक आणि ग्रंथपाल सहा शालेय दिवस संपावर होते, तरी शाळा उघड्या राहिल्या. कार्यालयांतले सुमारे 2,000 कर्मचारी शाळांत पाठवण्यात आले आणि सुमारे 400 बदली शिक्षक घेण्यात आले. मार्च 2023 मध्ये संपावर गेले ते बसचालक, स्वयंपाकघरातले कामगार, सफाई कर्मचारी आणि वर्गातले मदतनीस. शिक्षकांनी त्यांना साथ दिली आणि 21 ते 23 मार्च असे तीन दिवस शाळा बंद राहिल्या. चार लाखांहून अधिक मुलांची गैरसोय झाली. यातून दिसतं ते असं की शाळा उघडी ठेवता येते की नाही हे बऱ्याच अंशी कोण संपावर आहे यावर ठरतं. शिक्षक नसतील तर मुलांना सभागृहात बसवता येतं. दार उघडणारा, जेवण गरम करणारा, बस चालवणारा आणि शिक्षक असे सगळेच नसतील, तर इमारत उघडून उपयोग नसतो.

इतर शहरांनी आपापल्या परीने मार्ग काढले. शिकागोने 2012 च्या संपात 144 शाळा सुरुवातीला अर्धा दिवस उघड्या ठेवल्या. ऑरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये शिक्षकांनी पहिल्यांदाच संप केला आणि तिथे 11 शालेय दिवस वर्ग पूर्ण बंद राहिले. म्हणून शेजारच्या गावात काय झालं यावरून अंदाज बांधू नये. आपल्या डिस्ट्रिक्टचं पत्रच वाचावं.

गैरसमज ३ : शाळा उघडी आहे म्हणजे शिकवणं चालू आहे

प्रशासनाच्या पत्रात सर्वांत जास्त प्रामाणिकपणा लागतो तो इथे. तीस हजारांच्या जागी चोवीसशे माणसं उभी केली तर काय होईल, याचा हिशेब कोणीही करू शकतो. 2019 मध्ये लॉस एंजेलिसच्या अनेक शाळांत वेगवेगळ्या इयत्तांची मुलं सभागृहात, जिममध्ये किंवा मैदानावर एकत्र बसवली गेली. काहींनी संगणकावर स्वाध्याय सोडवले, काहींनी चित्रपट पाहिले. पहिल्या दिवशी पाच लाखांच्या आसपास मुलांपैकी एक लाख चाळीस हजारांच्या घरात मुलं आली आणि आठवड्याच्या अखेरीस आकडा आणखी खाली आला. हे दिवस शिकण्याचे नव्हते, सांभाळण्याचे होते. सांभाळणं कमी मोलाचं नाही, पण त्याला शिकवणं म्हणू नये. ‘शिक्षण अखंड सुरू राहील’ असं लिहिलेलं पत्र पहिल्याच दुपारी खोटं पडतं आणि मग त्याच पत्रातली जेवणाच्या वेळेची खरी माहितीही कोणी मानत नाही.

यावर आक्षेप येतो : शिकवणं होणार नसेल, तर शाळा उघड्या ठेवायच्याच कशाला? उत्तर जेवणाच्या ताटात आहे. लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टमधली दहापैकी आठ मुलं कमी उत्पन्नाच्या घरातली आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचा सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण शाळेत होतं. 2023 मध्ये शाळा बंद ठेवाव्या लागल्या तेव्हा डिस्ट्रिक्टने शहरभर वाटपाची ठिकाणं जाहीर केली आणि तीन दिवसांचं खाणं एकाच खेपेला पिशवीत भरून दिलं. 2019 मध्ये विद्यार्थ्यांना शहराच्या मेट्रो सेवेतून मोफत प्रवास करता आला, म्हणजे ज्याला घरी थांबणं शक्य नाही ते मूल निदान सुरक्षित जागी पोचावं. दुसरीकडे प्रशासनाला पैशाचाही विचार असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात राज्याचं अनुदान रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतं, त्यामुळे गैरहजर मुलागणिक पैसा बुडतो. हे पालकांना सरळ सांगावं. अनुदानाच्या काळजीला मुलाच्या काळजीचं नाव दिलं की विश्वास जातो.

गैरसमज ४ : हे सगळं फक्त पगारवाढीसाठी चाललंय

लॉस एंजेलिसचे आकडे पाहा. संपाआधी संघटना साडेसहा टक्के वाढ मागत होती आणि प्रशासन सहा टक्क्यांना तयार होतं. सहा दिवसांच्या संपानंतर तडजोड झाली ती सहा टक्क्यांवरच. मग संपाने मिळालं काय? आर्थिक अडचणीचं कारण देऊन पटसंख्येची मर्यादा धुडकावण्याची मुभा देणारं जुनं कलम करारातून निघालं. चौथीपासून बारावीपर्यंतच्या वर्गांतून टप्प्याटप्प्याने चार मुलं कमी करण्याचं ठरलं. प्रत्येक शाळेत आठवड्याचे पाचही दिवस नर्स आणि माध्यमिक शाळांत ग्रंथपाल नेमण्याचं कबूल झालं. शिकागोमध्ये 17 ऑक्टोबर 2019 पासून 11 शालेय दिवस चाललेल्या संपातही पाच वर्षांत 16 टक्के ही वाढ शहराने आधीच देऊ केली होती आणि अखेरीस तीच ठरली. झगडा झाला तो प्रत्येक शाळेत नर्स आणि समाजसेविका असावी, गर्दीच्या वर्गांसाठी वेगळा निधी असावा, यासाठी.

पगार हा मुद्दाच नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. वेस्ट व्हर्जिनियात 2018 मध्ये सर्व 55 काउंटींतले शिक्षक नऊ शालेय दिवस बाहेर राहिले, तेव्हा पगार आणि आरोग्यविम्याचा खर्च हेच प्रश्न होते आणि शेवटी पाच टक्के वाढ मिळाली. पगारासाठी भांडणं गैर नाही. चांगला शिक्षक शेजारच्या राज्यात जास्त पैशांसाठी निघून गेला तर नुकसान वर्गाचंच होतं. पण प्रशासनाच्या पत्रात फक्त पगाराचे आकडे असतील आणि नर्स, ग्रंथपाल, पटसंख्या यांचा उल्लेखही नसेल, तर ते माहितीपत्र उरत नाही. ते वाटाघाटीतलं हत्यार होतं. प्रशासनाला आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. ती वेगळ्या कागदावर, आपल्या सहीने मांडावी. बस कुठे थांबेल हे सांगणाऱ्या कागदावर ती नको.

गैरसमज ५ : संपात मुलांचं वर्ष वाया जातं

या प्रश्नाचा कसून अभ्यास झाला आहे. मेलिसा लायन, मॅथ्यू क्राफ्ट आणि मॅथ्यू स्टाइनबर्ग या संशोधकांनी 2007 ते 2023 या काळातल्या 772 शिक्षक-संपांची नोंद जमवली. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश संप पाच दिवस किंवा त्याहून कमी चालले. संपानंतर पाच वर्षांपर्यंत मुलांच्या शिकण्यावर चांगला किंवा वाईट असा मोठा परिणाम त्यांना दिसला नाही. मात्र दहा किंवा अधिक दिवसांच्या संपानंतर गणितातली प्रगती काही काळ घसरलेली आढळली. म्हणजे ‘काहीच होत नाही’ हेही खरं नाही आणि ‘वर्ष बुडालं’ हेही नाही. किती दिवस, हा खरा प्रश्न आहे.

आक्षेप घेणारे अर्जेंटिनाकडे बोट दाखवतात आणि तो दाखला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दाविद हाउमे आणि अलेक्झांडर विलेन यांच्या अभ्यासानुसार तिथल्या मुलांचे प्राथमिक शाळेत सरासरी 88 दिवस संपांत गेले आणि मोठेपणी त्यांची कमाई त्यामुळे कमी राहिली : पुरुषांची सुमारे तीन टक्के, स्त्रियांची सुमारे दोन टक्के. पण 88 दिवस म्हणजे जवळजवळ अर्धं शालेय वर्ष, आणि तेही पुन:पुन्हा झालेल्या संपांमुळे. हा दाखला सांगतो तो धडा असा, की वाद साठू द्यायचे नाहीत आणि बुडालेले दिवस भरून काढायचे. पोर्टलंडने त्यासाठी हिवाळी सुट्टीतला आठवडा घेतला. शिकागोमध्ये 11 पैकी पाचच दिवस भरून निघाले, तेही त्यावर वेगळी ओढाताण झाल्यावर. सुट्टीत गावी जाण्याची तिकिटं काढलेल्या पालकांना ही शक्यता पहिल्याच पत्रात कळायला हवी.

गैरसमज ६ : प्रशासनाने तयारी करणं म्हणजे संप मोडणं

हा आक्षेप कामगार चळवळीशी नातं असलेल्या मराठी वाचकाच्या मनात आधी येईल आणि त्यात तथ्य आहे. बदली माणसं आणून काम चालू ठेवलं की संपाची धार कमी होते. पण वेस्ट व्हर्जिनियात काय झालं ते पाहा. संप सुरू होण्याआधी शिक्षकांनी आणि शाळेतल्या कर्मचाऱ्यांनी स्वतः खाण्याच्या पिशव्या भरल्या, कारण कोणत्या मुलाच्या घरी दुपारी चूल पेटत नाही हे त्यांनाच सर्वांत नीट माहीत होतं. संपावर जाणाऱ्याच हातांनी तयारी केली आणि संप ढिला पडला नाही. उलट गावं शिक्षकांच्या मागे उभी राहिली. याचा अर्थ, मुलाची काळजी घेणं ही एका बाजूची मालमत्ता नाही. जेवण, सुरक्षित जागा, औषधाची वेळ, अपंग मुलाला मिळणारी मदत आणि नेमकी तारीख, एवढं दोन्ही बाजूंनी मिळून सांभाळलं, तर संपाची धार जिथे असायला हवी तिथेच राहते, म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर.

आपल्याकडे मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभरातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर होते, ऐन दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात. पेन्शनचा प्रश्न बरोबर की चूक यावर भरपूर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा. त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ शकतो : शालेय पोषण आहारावर अवलंबून असलेल्या मुलाच्या घरी, त्याच्या भाषेत, दहा दिवस आधी एक पान पोचलं का? त्या पानावर तारीख, जेवणाची जागा, परीक्षेचं वेळापत्रक आणि चौकशीचा फोन क्रमांक असावा. दोष कोणाचा, हे त्यावर नसावं. असं पान लिहायला करार व्हावा लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही आणि कोणालाही आपली मागणी सोडावी लागत नाही.