दुखणं नखाचं नव्हे, खालच्या हाडाचं

अंगठ्याचं नख एका कडेनं उचललं जातं, बूट घातला की ठणका लागतो. शिरूर-दौंडकडे अशा वेळी पहिला अंदाज ठरलेला असतो: कुरूप, चामखीळ, नाहीतर रुतलेलं नख. मग कुणी कुरपाची पट्टी लावतं, कुणी नखच काढून घेतं. नवं नख येतं आणि तेही उचललं जातं, कारण नखाखाली बोटाच्या शेवटच्या हाडाला फुटवा फुटलेला असतो.

फ्रेंच शल्यविशारद दुपुईत्राँ यांनी 1817 मध्ये या वाढीचं वर्णन केलं. ती कर्करोगाची नसते. बहुतेकदा पायाच्या अंगठ्याला आणि ऐन विशीच्या आसपास होते. जुना मार किंवा बुटाचा सततचा दाब अनेकांच्या बाबतीत आढळतो. पण या गाठींच्या पेशींत एक्स आणि 6 क्रमांकाच्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदलही सापडली आहे. त्यामुळे मार हेच सगळं कारण, असं मला वाटत नाही. तरीही पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं आणि रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत दिवसभर सेफ्टी शूज घालणारे कामगार यांनी असं दुखणं अंगावर काढू नये.

उपाय शस्त्रक्रियेचाच. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भुलीचं इंजेक्शन देतात आणि रक्त थांबवायला पट्टा आवळतात. नख गरजेपुरतं काढून त्याखालची नाजूक गादी अलगद उचलतात. इथंच सर्जनचा हात कळतो: गादी फाटली तर पुढं नख वेडंवाकडं येतं, आणि तिला जपण्याच्या नादात हाडाचं मूळ राहिलं तर वाढ परत येते. म्हणून फुटवा बुडापासून छाटून तळ खरवडतात, मग गादी विरघळणाऱ्या बारीक दोऱ्यानं शिवतात. वाढ बोटाच्या टोकाकडे असेल तर नखाच्या पुढून छेद घेऊन नख वाचवता येतं. काढलेला तुकडा तपासणीला पाठवायलाच हवा. नखाखाली क्वचित त्वचेचा कर्करोगही असाच दिसतो. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात, पण पायाचं नख पुरतं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

दुखणं हाडाचं आहे का, हे एका साध्या एक्स-रेवर ठरतं, आणि तो नख काढण्याआधी व्हावा. समोरून काढलेल्या चित्रात वाढ लपू शकते, म्हणून बाजूनंही काढायला सांगावं. त्या वेळी बाकीची बोटं आड येतात. ती पट्टीनं बाजूला ओढून धरावी लागतात.