समजून घ्या : मे महिन्यात जेसीबीवाला 'उद्या येतो' का म्हणतो?

वाशिम : शेततळे, धुरे, विहिरीतला गाळ, घराचा पाया... मे उजाडला की छोट्या जेसीबी मालकाचा फोन थांबत नाही. मशीन एक, कामे वीस आणि उत्तर एकच : 'उद्या येतो'. दर वेळी ती थाप नसते.

गहू-हरभरा निघाला की शेत रिकामे होते. जूनमध्ये सोयाबीनची पेरणी. खोदकामाला मधले दोन-अडीच महिनेच मिळतात. त्यातही वळवाची सर आली की काळ्या रानात चाके रुततात आणि काम दोन-चार दिवस अडते. म्हणून जाणता मालक मुरमाड जमिनीवरचे एखादे काम राखून ठेवतो अन् ओल आली की मशीन तिकडे वळवतो.

दुसरे गणित फेऱ्यांचे. भाडे तासावर, पण रिसोडहून मानोऱ्याला जाताना जळणाऱ्या डिझेलचे पैसे कोण देणार? पोकलेनला तर ट्रेलरच लागतो. त्यामुळे एकट्याने आधी नंबर लावला, तरी एकाच शिवारातल्या चौघांचे काम अनेकदा पुढे सरकते.

२०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेची कामेही तलाव आटल्यावरच, म्हणजे याच दिवसांत. सरकारी कामाचे बिल नंतर निघते, काही शेतकरी सोयाबीन विकल्यावर देतात. पंपावर मात्र रोज रोख मोजावी लागते. त्यामुळे रोखीचे काम मध्येच घुसते.

नंबर लवकर हवा असेल तर एप्रिलमध्येच शेजाऱ्यांसह बोलून ठेवा आणि फक्कीने हद्द आखून घ्या. मशीन उभी असताना धुऱ्याचा वाद निघाला, तर पुढच्या गावाचाही दिवस जातो.